कॉलमची लांबी
शेजारी बांधकाम चालू हाय. कॉलमला गुंडाळलेल्या ओल्या पोत्यांचा वास आला अन् दोन वर्षांमागची दुपार आठवली. बायको जाऊन महिना झाला होता. सून उदगीरच्या आमच्या घरात बसूनच कंपनीचं काम करायची. ती फोनवर कुणाला तरी म्हणली, "कॉलमची लांबी कळंना. आत काहीच नसलं तर चालंल का?" मी जन्माचा गवंडी, ताडकन उठलो. "चालंल कसं? सळई हाय आत! ह्या घराचे दहा फुटाचे कॉलम मी भरलेत, तुझ्या सासूनं पोती भिजवून पाणी मारलंय. कच्चे कोण म्हणतंय?" ती हसली. "मामा, हे कंप्युटरातले कॉलम, म्हंजे रकाने. प्रोसिजर म्हणून साठवलेलं काम असतं, ते न चालवताच त्याच्या रकान्यांची नावं, प्रकार, लांबी, रिकामा चालतो का, हे मी काढतेय." "न चालवता कसं कळंल?" "तिथंच लिहून ठेवलेलं असतंय." मला काय बी उमगलं न्हाई. मी आमच्या कॉलमवर हात फिरवून बघितला. पाणी कुणी मारलं, कुठंच लिहिलेलं नव्हतं. सुनेचं हसू थांबलं. "मामा, आत्यांनी कोणत्या कॉलमला पाणी मारलं?" "समद्याच." ते कंप्युटरचं मला आजून कळलं न्हाई. आज बी शेजारचा वास आला, तसा मी घरात जाऊन समद्या कॉलमला हात लावून आलो.