हळदीआधी लळिंग

जुन्या फोटोत मावशी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर का उभी आहे, तिचा चेहरा पिवळा का आणि हातात अडकित्ता कशाला, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते. क्रमाने लिहिते. त्यात माझी चूक आहे, तीही तिच्या जागी येईल.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तुमची आई नोंदणी पद्धतीने लग्न करून परदेशी गेली होती. धाकटी, म्हणजे तुमची मावशी, पुण्याला चित्रकला शिकत होती आणि तिचं शेवटचं एक वर्ष उरलं होतं. तेवढ्यात धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, अबोल. घर शेतीवाडीचं, माणसांनी भरलेलं. मुलाच्या आजोबांना सगळे आबा म्हणत. त्यांना कंबरेच्या दुखण्यामुळे प्रवास झेपत नसे, म्हणून लग्न धुळ्यालाच, त्यांच्या दारी करायचं ठरलं. उरलेल्या वर्षाबद्दल आम्ही विचारलं, तेव्हा त्यांच्याकडून निरोप आला: पुढचं पुढे बघू.

जळगावला आम्ही मेहरूणला राहायचो. लग्नाला पंधरा दिवस असताना ती आणि मी तलावाच्या काठाने फिरायला गेलो. बोरांचा हंगाम सरत आला होता. झाडाखाली पडलेली बोरं ती चपलेने ढकलत चालली होती, उचलत एकही नव्हती. बांधापाशी थांबून म्हणाली, "पुढचं पुढे म्हणजे काय, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. त्याआधी मी अक्षता पडू देणार नाही."

तिने आवाज चढवला नव्हता, म्हणूनच मी घाबरले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिच्या वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही.

लग्न ठरलेल्या दोघांनी वेगळं बसून बोलावं, असं आमच्याकडे तेव्हा नव्हतं. मी माझ्या पद्धतीने उपाय काढला: वेळापत्रक केलं. धुळ्याला गुरुवारी सकाळीच पोहोचायचं. शुक्रवारी सकाळी दोन्हीकडच्या मंडळींनी गावाबाहेर लळिंगच्या डोंगरात फिरायला जायचं, दुपारी संग्रहालय, शनिवारी लग्न. डोंगरात माणसं पायवाटेवर पांगली की ही दोघं मागे रेंगाळतील आणि बोलतील, असा माझा हिशेब. शुक्रवार मोकळा राहावा म्हणून हळद मी गुरुवारी संध्याकाळी घातली. कागद इंग्रजीत टाइप केला, कारण मराठी टाइप मला येत नव्हतं. खरं सांगायचं तर इंग्रजी कागद मला जास्त नीटनेटका वाटायचा. कार्बन लावून प्रती काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या. सगळ्यांनी मान डोलावून खिशात घातल्या.

गुरुवारी हळद झाली. आधी नवऱ्याला लागली, मग त्याची उष्टी हळद आमच्या उतरण्याच्या जागी आली. रात्रीच्या जेवणाला बसताना मी सहज म्हटलं, नवरीने सकाळी सहाला तयार राहायचं, डोंगरावर जायचंय. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, सावद्याच्या अक्का, केळीच्या पानांवर वाढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हयद लागेल पोरगी गावाची शीव वलांडत नही, माय," त्या म्हणाल्या. "तुह्या कागदात हे लिहेल नही का?"

नव्हतं लिहिलेलं. मी शहरात, इंग्रजी शाळेत वाढले. लग्नानंतर खानदेशात आले आणि लग्नं पाहिली ती पाहुणी म्हणून. अक्कांना माझा कागद वाचता येत नव्हता. धुळ्याच्या मंडळींनी दोन दिवस आधी हळद म्हटल्यावर, आमच्याकडे तशी रीत असेल, असं गृहीत धरलं होतं. आता नवरी निघणार नाही आणि हळद लागलेला नवराही निघणार नाही. वाढलेलं पान पुढ्यात तसंच ठेवून मुलगी उठून आत गेली.

सकाळी जीप आल्या. रद्द करायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी तीस माणसांना घेऊन लळिंगला गेले. अंजनाची झाडं, वाळलेलं गवत, मधेच एखादा फुललेला पळस. व्याही हौसेने प्रत्येक झाड दाखवत होते आणि मी दर दहा पावलांवर घड्याळ बघत होते. अर्ध्या वाटेत एका टेकाडावर बसून त्यांनी दशम्या सोडल्या. मी दोनदा शबनम उघडून वेळापत्रक वाचलं, जणू त्यात अजून एखादी ओळ निघाली असती. विहीणबाई हसून म्हणाल्या, मुलीची आई आत्तापासूनच रडायला लागली की काय. मी हसले आणि लवकर परतायला लावलं.

परत आले तर मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिच्या शेजारी अक्का सुपारी कातरत होत्या. काल जेवण टाकून उठलेल्या पोरीकडून त्यांनी सगळं काढून घेतलं होतं. मला ऐकवलं नाही, बोल लावला नाही. फक्त विचारलं, ते चित्रांचं घर गावात आहे की गावाबाहेर. गावात, मी म्हटलं.

"मंग शीव कुठी वलांडली?" त्यांनी अडकित्ता पुसून मुलीच्या हातात दिला. हळदीच्या अंगाला लोखंड सोबत असलं की बाधत नाही. नवऱ्याकडे कट्यार होतीच.

संग्रहालयाच्या दारातल्या पहारेकऱ्याने आमच्या उन्हाच्या छत्र्या आणि पिशव्या ठेवून घेतल्या आणि अडकित्त्यासाठी हात पुढे केला. धारेची वस्तू आत नेता येत नाही, म्हणाला. नवऱ्याची कट्यार आधीच त्याच्या टेबलावर पडली होती. अक्का म्हणाल्या, हळद उतरेपर्यंत लोखंड पोरीच्या हातून सुटायचं नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खिशातली सुतळी काढून अडकित्त्याचं तोंड करकचून बांधलं आणि तो तिला परत दिला. भिंतीला हात लावू नका, एवढंच म्हणाला. तिचे तळवे पिवळेधमक होते.

पहिल्या दालनात दगडी मूर्ती, दुसऱ्यात पोथ्या, तिसऱ्यात चित्रं. अक्कांनी सगळ्यांना मूर्तींपाशी रोखून धरलं. प्रत्येक देवाचं नाव त्या मोठ्याने विचारत होत्या, माहीत असलेल्यांचंसुद्धा. मी पोथ्यांच्या काचेपाशी उभी राहिले. तिथून दारातून दोघं दिसत होती. एका जुन्या चित्रासमोर ती हातभर अंतर ठेवून उभी होती. ती बोलत होती. मी एकाच पोथीखालची चिठ्ठी पाच वेळा वाचली, आज त्यातलं एक अक्षर आठवत नाही. मग तो काहीतरी म्हणाला, वळला आणि माझ्याकडे न बघता झपझप बाहेर गेला. कट्यार टेबलावरच राहिली.

मी तिला गाठलं.

"तो म्हणाला, घरात विचारायचा धीरच झाला नाही. आता जाऊन विचारतो," ती म्हणाली.

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर उद्या जीप जळगावला." पायऱ्यांवर तुमच्या आजोबांनी फोटो काढला तो त्यानंतर पाच मिनिटांनी. त्यांना काहीच माहीत नव्हतं. नीट बघा, ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये.

संध्याकाळपर्यंत मी अक्षतांचे तांदूळ निवडत बसले. कुंकू लावायला काही केल्या हात धजेना. दिवेलागणीला व्याह्यांकडून बोलावणं आलं. आबा बाजेवर बसले होते, नातू खाली सतरंजीवर मान घालून. त्याने सगळ्यांसमोर काय विचारलं होतं कोण जाणे. आबांनी मला समोर बसवलं.

"पोरले शिकू द्या. एक वरीसनी काय गोट शे?" ते म्हणाले. आणि वर, "पन तिले सांगा, पहिले मन्हं चित्र काढजो."

मी परत आले तेव्हा मुलगी दारातच उभी होती. आबांचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. तिने अडकित्त्याची सुतळी सोडली, तो अक्कांना देऊ केला. अक्कांनी घेतला नाही. उद्यापर्यंत राहू दे, म्हणाल्या. तो डाव्या हातात धरून ती माझ्याशेजारी बसली, तांदळाचं ताट पुढे ओढलं आणि कुंकवाची वाटी मागितली.