टेबलावर कोयता

"कोयते टेबलावर ठेवा. एकेक करून. फोटो नीट आला पाहिजे."

पनवेलच्या हॉटेलातला हॉल. पांढऱ्या कापडाचं टेबल. डोंगराखालच्या वाडीतले आम्ही रांगेत उभे, पाहुणे खुर्च्यांवर.

कार्यक्रम झाडं लावून घेणाऱ्या एका कंपनीचा. तिची योजना अशी. आम्ही डोंगरावर झाडं लावायची, राखायची. झाडं कारखान्यांचा जेवढा धूर गिळतील, तेवढे पैसे ते कारखाने कंपनीला देणार. त्यातला वाटा वाडीला. अट एकच. चाळीस वर्षं डोंगरावरच्या कुठल्याच झाडाला कोयता लावायचा नाही.

भात पेरायच्या आधी आम्ही वाफ्यावर फांद्या पसरून जाळतो. तो राब. त्यासाठी ऐनाच्या झाडांच्या फांद्या उतरवतो. शेंडा तोडत नाही, म्हणून झाड पुन्हा फुटतं. माझ्या आज्याने उतरवलेले ऐन आज मी उतरवतो.

वाडीच्या समितीचा हिशोब माझ्याकडे, म्हणून करारावर सही माझी. मी कंपनीच्या साहेबाला विचारलं, "साहेब, तुमाला धुराच्या टनाला भाव काय मिळतो?"

"काका, ते गोपनीय असतं. तुम्हाला वर्षाला रक्कम मिळतेय ना?"

"आन राब नाय केला तर भात?"

"तांदूळ रेशनवर मिळतो की."

हॉल हसला. आमच्यातलेही दोघे हसले. ते जास्त लागलं.

माइकवरची बाई म्हणाली, "ज्या हातांनी जंगल तोडलं, तेच हात आज जंगल वाचवणार आहेत." टाळ्या.

पहिल्या रांगेत खदानवाला शेठ टाळ्या वाजवत होता. आमच्या डोंगराची एक बाजू त्याने खडी करून विकली. त्याला कुणी काही टेबलावर ठेवायला सांगितलं नाही. त्याला पुष्पगुच्छ होता.

माझा कोयता टेबलावर होता. शरणागती पत्करलेल्या दरोडेखोराचा असावा तसा. मी तो उचलला. कमरेच्या लाकडी आकडीत घातला.

शेजारचा चुलतभाऊ कुजबुजला, "ठेव ना, दादा. फोटोपुरता तं हाय."

"कागदावर चाळीस वर्षं लिवलंय."

सही केली नाही. वाडीचा पहिला हप्ता हातचा गेला. वाडीतली चार घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत. चुलतभाऊही.

झाडं आम्ही लावू, कंपनी असो वा नसो. पण सही हवी असेल तर भाव सांगा. ऐन करारातून वगळा. आणि आधी शेठची मशीन बंद करा. तोवर कोयता माझ्या कमरेला राहील.