सफारीची फारकत

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणा पुरुषानं स्वतःचे कपडे स्वतः निवडले नव्हते. आजोबा संस्थानच्या फौजेत, त्यांना सरकारी डगला. वडील अग्निशमन दलात, त्यांना खाकी. मी शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर, मलाही खाकीच. वर्षाला दोन जोड, तेही शिवून हातात. सकाळी पँट ओढायची, शर्ट चढवायचा, खिशावर बिल्ला आहे ना ते चाचपायचं आणि कंपनीच्या बसला पळायचं. ‘आज काय घालू’ हा बायकांचा प्रश्न, असं मी चारचौघांत छाती काढून सांगत असे. बावीस वर्षं सांगितलं.

मग नव्या शतकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या आसपास स्वेच्छानिवृत्तीची साथ आली. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. सेहेचाळिसाव्या वर्षी मी एक हार, एक नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन मांजलपूरच्या घरी परत आलो. मुलगी बारावीत होती. नशीब एवढंच की दोन महिन्यांत मकरपुऱ्यातल्या एका खासगी तांत्रिक क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं. लेथ, ड्रिल, पंपाची जोडणी, सगळं हातातलं. क्लासचा मालक गुजराती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड. तो म्हणाला, तीन महिने बघू, मग कायमचं पत्र. या वयात मला दुसरं दार कोण उघडणार होतं? ते पत्र मला हवंच होतं.

पहिल्या दिवशी मी खाकीच घालून गेलो. यात काही चुकतंय हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. कपाटात अकरा जोड पडले होते, धुतलेले, इस्त्री केलेले, जाड कापड, अजून दहा वर्षं हलणार नाही असं. बिल्ला मी इमानदारीत उसवून परत केला होता. खिशावर त्याच्या जागी गडद चौकोन राहिला होता, तेवढाच. क्लासच्या दारात पोचतो तोच एका विद्यार्थ्याचे वडील गाडीतून उतरले, माझ्याकडे न बघताच “गाडी जोजो जरा” म्हणाले आणि आत गेले. गाडीकडे लक्ष ठेव, असं मला सांगून गेले. आणि मी मूर्खासारखं ठेवलं की! बावीस वर्षं हुकूम ऐकायची सवय, पाय आपोआप गाडीशेजारी जाऊन उभे राहिले. मालकानं ते वरच्या खिडकीतून पाहिलं. खाली येऊन त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की इथे गणवेश फक्त वॉचमनला आहे, काका, तुम्ही आपले साधे कपडे घालत जा, मुलांना मास्तर ओळखू आला पाहिजे. वॉचमनचं काम हलकं नाही. माझे सख्खे मामा एका बँकेच्या दारावरून निवृत्त झाले. पण ते माझं काम नव्हतं. घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते.

आपले साधे कपडे म्हणे! ते होते कुठे? कपाट उघडून मी उभा राहिलो. डावीकडे अकरा खाकी. उजवीकडे मेहुण्याच्या लग्नात सासरच्यांनी शिवून दिलेला कॉफी रंगाचा सफारी, एक काळी पँट, गणपतीत घालायचा पांढरा झब्बा, आणि सासरहून दिवाळीला आलेले चार शर्ट, खोक्यातून कधी न काढलेले. घरात लेंगा-बनियन, बाहेर खाकी, लग्नात सफारी. याच्या मधला माणूस आमच्या कपाटात राहतच नव्हता. बायको म्हणाली, चार नवे जोड घेऊन टाका आणि मोकळे व्हा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं कंपनीनं दिलं ते घातलं, आता दुकानदार देईल ते घालायचं? मी जाहीर केलं की नवा रुमालसुद्धा घेणार नाही, घरात जे आहे त्यातूनच माणसासारखा उभा राहीन. बायकोनं नुसतं ‘हं’ केलं. तिच्या ‘हं’ला मी लग्नापासून घाबरतो.

दुसऱ्या दिवशी अख्खा सफारी चढवून गेलो. ऐन उन्हाळ्यात. मालकानं विचारलं, इथून कुणाच्या लग्नाला जायचंय का, काका? तिसऱ्या दिवशी काळी पँट आणि दिवाळीचा जांभळा, चमकणारा शर्ट. मी फळ्याकडे वळलो की मागे मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. त्यांचं तरी काय चुकलं? वरातीच्या बँडमध्ये मी शोभून दिसलो असतो. त्या दिवशी शिकवताना दोनदा माझी जीभ अडखळली. पंप मला डोळे मिटून उघडता येतो, आणि मी त्या मुलांसमोर शर्टाचं पोट ओढत उभा होतो. असंच चाललं तर तीन महिने लागणारच नाहीत, तीन आठवड्यांत नारळ मिळेल, हे मला कळून चुकलं होतं.

संध्याकाळी मुलीला माझी दया आली. ती पुस्तक मिटून माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं विचारलं, “बाबा, तुम्हाला आवडतो कुठला रंग?”

मी ‘खाकी’ म्हणणार होतो. तोंडातल्या तोंडात गिळलं. मग आठवायला लागलो, तर काही आठवेचना. भाजीत मला काय आवडतं ते घरात सगळ्यांना माहीत, चहात साखर किती ते माहीत, आणि रंग? सेहेचाळीस वर्षांचा घोडा, आणि स्वतःला कुठला रंग आवडतो याचा पत्ता नाही. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडतो, ही आमच्या घराण्याची दुसरी रीत, त्यामुळे मी तिच्यावरच खेकसलो की हे असले प्रश्न परीक्षेला येत नाहीत. ती हलली नाही. म्हणाली, माहीत नसेल तर बघून ठरवू.

रविवारी तिनं गच्चीत दोन दोऱ्या बांधायला लावल्या. एकीवर माझ्या सगळ्या पँटी, दुसरीवर सगळे शर्ट. तिचं म्हणणं सोपं होतं. खाकी पँट वाईट नाही, ती खाकी शर्टाला चिकटली की गणवेश होतो. सफारीची पँट चांगली आहे, वरच्या कोटानं तिचं लग्नघर होतं. तेव्हा जोड्या मोडा. इथे मात्र मी आडवा आलो. जोड म्हणजे जोड! सफारी म्हणजे सफारी! वरचं एकीकडे आणि खालचं एकीकडे, हे कसलं शहाणपण? बायको शेजारीच पापड वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, “एवढा जीव तुटत असेल तर सफारीची फारकत कोर्टातून करून आणा.” दोघी मायलेकी खो-खो हसल्या, आणि मी डोक्यात राख घालून जिना उतरलो.

खाली पंख्याखाली बसल्यावर डोकं जरा थंड झालं. पंपाचं कवच फुटलं म्हणून आतला चांगला दांडा भंगारात टाकतो का आपण? तो दुसऱ्या पंपात बसतो का ते बघतो. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? मी पुन्हा वर गेलो. काही न बोलता एकेक पँट एकेका शर्टाखाली धरायला सुरुवात केली. चार पावलं मागे जायचं, बघायचं. उन्हात बघायचं, सावलीत बघायचं. बसलं तर ठेवायचं, नाही बसलं तर जबरदस्ती करायची नाही. खाकी पँटीवर पिस्ता रंगाचा बारीक चौकडीचा शर्ट असा बसला की मी दोनदा बघितलं. कॉफीवर फिकट आकाशी बसला. काळ्या पँटीला पांढऱ्यात निळ्या रेघांचा. जांभळ्याला मात्र त्या दोरीवर कुणी सोयरा मिळेना. हळूहळू मला एक गोष्ट समजली, की दोघांपैकी एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं गप्प बसावं, मग जमतं. नवरा-बायकोचंही तसंच, पण ते मी गच्चीत बोललो नाही.

तीन शर्ट आणि आठवड्याचे सहा दिवस. आणखी दोन-तीन तरी हवे होते. ते होते घरातच, पण बायकोच्या पेटीत. आपल्याकडे लग्नामुंजीत आहेराला शर्टाचं कापड येतं, ते कुणी शिवत नाही. ते पेटीत जातं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातं. ज्यानं दिलं त्यालाच परत जाऊ नये म्हणून बायकोनं प्रत्येक कापडाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, कुणाकडून आलं त्याची. चिठ्ठ्या इतक्या जुन्या की टाचण्या गंजल्या होत्या. मी त्यातली तीन कापडं मागितली. ती नाही म्हणाली. येत्या महिन्यात दोन लग्नं होती, आणि रिकाम्या हातानं गेलो तर पाणीगेटचे सगळे नातेवाईक नावं ठेवतील. मी म्हणालो, नाव राहायला आधी नोकरी राहायला हवी. आवाज चढले. शेवटी मी स्वतः पेटी उघडली, तीन कापडं काढली, टाचण्या उपटल्या आणि पाणीगेटच्या आमच्या जुन्या शिंप्याकडे सायकल मारली. जुने शर्टही त्याच्यापुढे टाकले, कारण खांदे उतरत होते आणि पोटावर पोतं होत होतं. आमच्या वडिलांपासूनचा शिंपी तो, पण माझं माप त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहाचा कप मात्र रोज वेळेवर आदळत होता.

पुढच्या सोमवारी सकाळी खाकी पँट आणि पिस्ता शर्ट घालून मी आरशासमोर उभा राहिलो. खरं सांगतो, उघडं वाटत होतं. हात सारखा खिशावरच्या बिल्ल्याकडे जायचा. बायको डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिनं खांद्याची शिवण बघितली, कॉलर उगीचच सरळ केली, आणि मग हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या अंगावर तुमचं असं काही बघायची मला सवयच नाही हो.” तिचे डोळे भरून आले होते. माझेही भरले असते, पण बाहेर मकरपुऱ्याचा रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी कधी नव्हे ते तिला सॉरी म्हणालो, पेटी उघडल्याबद्दल. ती म्हणाली, पुरे झालं, निघा.

त्या दिवशी मी ताठ उभा राहून शिकवलं. कपड्यांनी अक्कल येत नाही, पण शर्ट ओढण्यात जे लक्ष जात होतं ते पंपाकडे गेलं. पुढे रोज सकाळी मी कपाटासमोर दोन मिनिटं उभा राहायला लागलो आणि ती दोन मिनिटं मला आवडायला लागली. काही दिवस फसायचो. आहेराच्या मातकट कापडाचा शर्ट कॉफी पँटीवर घातला, तर मुलगी म्हणाली, बाबा, भिंतीसमोर तुम्ही दिसतच नाही आहात. मी जाऊन बदलून आलो. रुसलो नाही, ही माझ्या दृष्टीनं मोठीच प्रगती. दोन महिन्यांनी मुलं सुटी झाल्यावरही शंका विचारायला थांबू लागली.

तीन महिने संपायच्या शेवटच्या शनिवारी मालकानं मला वर बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं आणि पाकिटावर घडी घातलेले दोन गडद निळे टी-शर्ट, पाठीवर क्लासचं नाव मोठ्या अक्षरात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणी भागात, दुसरी शाखा निघत होती, जाहिरातीत फोटो येणार होते. सोमवारपासून सगळ्या मास्तरांना हेच, असं तो खुशीत सांगत होता. बाकीच्या दोघांनी सकाळीच नेले होते. पाकिटात माझं पत्र आहे, हे तो बोलला नाही, पण मला पाकिटाचा कोपरा दिसत होता.

टी-शर्ट घ्यावेत आणि गप्प खाली उतरावं, असं वाटत होतं. मुलीची कॉलेजची फी, घर, सगळं त्या टी-शर्टांच्या खाली पडलेलं. आणि कपडा काही वाईट नव्हता, खाकीपेक्षा मऊच होता. पण हात पुढे होईना. मी तसाच उभा राहिलो. त्यानं विचारलं, साइझ लहान पडेल का?

“यंत्राला जे लागतं ते सगळं घालीन,” मी म्हणालो. “अ‍ॅप्रन घालीन, जाड बूट घालीन, चष्मा लावीन. पण अ‍ॅप्रनच्या आतले कपडे माझे असतील.”

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. त्यानं मला समजावलं की काका, सगळे सारखे दिसतील, फोटोत तुम्ही एकटेच वेगळे दिसाल.

“दिसू दे,” मी म्हणालो. “सेहेचाळीस वर्षांत आत्ता कुठे दिसायला लागलोय.”

खाली मुलांनी लेथ सुरू केलं होतं, त्याचा आवाज येत होता. त्यानं माझ्या आकाशी शर्टाकडे बघितलं, कॉफी पँटीकडे बघितलं, मग टी-शर्ट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. पत्रात ‘कायम’ असा शब्द होता. त्याच्या प्रतीवर मला सही करायची होती, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो. हात सवयीनं खिशावरच्या बिल्ल्याकडे निघाला होता, तो तिथूनच परत आणला आणि सही केली.