गच्चीवरच्या वेणूताई

मी आयुष्यात केलेल्या मूर्खपणांची रांग लावली, तर सगळ्यात पुढे चपलेचा उभा राहील. दुसऱ्या बाईची चप्पल मी तिच्या डोळ्यांदेखत उचलून पळाले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात वेणूताई नुकत्याच राहायला आल्या होत्या. शाळेत शिक्षिका, उंच, आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा सावधान उभी राहावीत. पहिल्याच दिवशी विरजण मागायला आल्या, दारात चपला काढल्या आणि विचारलं, "लेकरं किती वं तुले?"

मी म्हणाले, "एकच. मुलगा."

माझी नऊ वर्षांची नलू तेव्हा आतल्या खोलीत बसली होती. तिला मिरगी होती, म्हणून कुणी आलं की मी तिला आत बसवायची. हिच्याशी लग्न कोण करील, ही काळजी मला तिचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून लागलेली. माझं "मुलगा" म्हणून होतंय तोच आत धप्पकन आवाज झाला. नलू पडली होती आणि हातपाय झटकत होती. चामड्याची चप्पल हुंगवली की फिट थांबते, असं मला ज्याने त्याने सांगितलेलं. आमच्या घरात सगळ्या चपला रबरी. मी दाराकडे धावले, वेणूताईंची कोल्हापुरी उचलली आणि नलूच्या नाकाला लावली.

वेणूताईंनी ती काढून घेतली. नलूला कुशीवर वळवलं, फ्रॉकचं गळ्याशी असलेलं बटण सोडलं आणि तिच्या डोक्याखाली माझाच पदर घडी करून सारला. पदर माझ्या अंगावर असल्यामुळे मलाही तिथेच वाकून बसावं लागलं. झटके थांबले, नलूला झोप लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्या चपलेनं बिमारी जात असती तं मी शाळा सोडून चपलेचा दवाखाना टाकला असता. आन् ही कोण होय? तुले तं एकच पोट्टा आहे न?"

मी 'भाची' म्हणणार होते, पण नलूचं नाक हुबेहूब माझं होतं.

वेणूताईंना हे सगळं ठाऊक असायचं कारण त्यांचा मुलगा सुधाकर. त्यालाही लहानपणापासून मिरगी. त्या शाळेत गेल्या की त्याला घरात ठेवून बाहेरून कडी लावायच्या. असाच एकदा तो एकटा असताना चुलीवर पडला आणि हात कोपरापर्यंत भाजला. पुढे तो हिंगण्याला एका कारखान्यात पॅकिंगला लागला. मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचा. मी एकदा आगाऊपणे म्हणाले, "पूर्ण बाह्यांचा बरा दिसेल." वेणूताई म्हणाल्या, "झाकलं का लोक जास्त पाहतात. मी लेकराले कडी लावून झाकून पाह्यलं एकदा. आता पुरे."

दर रविवारी त्यांच्या गच्चीवर पापड लाटायला बायका जमत. मूग आणि उडीद हे निमित्त. खरं म्हणजे मोठ्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या आयांना वेणूताई हेरून आणायच्या. कुणी कुहीकडून लेकराला घेऊन आलेली, कुणी इंदोऱ्याची, कुणी आमच्यासारखी नाकावर पदर धरणारी. नवीन बाईनं आधी मोठ्यानं 'मिरगी' म्हणायचं, मगच तिच्या हाती लाटणं. माझी पाळी आली तेव्हा मी 'ते' म्हणाले, 'तसलं' म्हणाले, 'तो त्रास' म्हणाले. वेणूताई म्हणाल्या, "नाव घेतल्यानं येत असती, तं न घेतल्यानं गेली नसती का वं?"

मी रामरायाला नवस बोलले होते. तो मात्र त्यांनी चपलेसारखा काढून घेतला नाही. "फेड न बाप्पा. देवाले मी काय म्हणू? पण गोळी चुकली, तं देवाच्या आधी मी येईन घरी."

गल्लीतल्या मुलांना, नलूच्या वर्गमैत्रिणींनाही त्या शिकवत. एकानं पडल्याचं सोंग करायचं, बाकीच्यांनी त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, गर्दी हटवायची, जवळ बसून राहायचं. एकदा पडायला कुणी तयार होईना, म्हणून मला निजवलं. पाच पोरी लागल्या. एक धापा टाकत म्हणाली, "मावशी, काकू वळूनच नाही राहिल्या!" मी डोळे मिटून मेल्याहून मेल्यासारखी पडून राहिले.

अशात नलूच्या शाळेची रामटेकची सहल निघाली. नलू म्हणाली, जाते. मी म्हणाले, नाही. दोन दिवस ती जेवली नाही. वेणूताई तिच्या वर्गाच्या बाईंना भेटून आल्या, सगळं समजावून आल्या, आणि मला म्हणाल्या, "कडी उघड, कुसुम." मी शहाण्यासारखी मान हलवली. नलूची बस गेली, आणि मी यजमानांचा काळा चष्मा लावून एसटीनं तिच्या मागे निघाले.

गडाच्या पायऱ्यांजवळ मी एका बांगड्यांच्या दुकानात लपले. लपायचं तर काही घ्यायला हवं, म्हणून हात पुढे केला. कासार मापाहून लहान बांगडी चढवत होता आणि समोर नलू पडली. मी ओरडून उठले, पण हात त्याच्या मुठीत. "बाई, हात ढिला सोडा," तो आपला म्हणतोय. तेवढ्यात तिच्या मैत्रिणींनी तिला कुशीवर वळवलं. एकीनं दप्तर डोक्याखाली दिलं, दुसरीनं जमलेल्या बघ्यांना "हवा येऊ द्या" म्हणून दटावलं. वर्गाच्या बाई शेजारी बसून होत्या. बऱ्याच वेळानं नलू उठली, सावलीत निजली, मग पाणी प्यायली. आणखी थोड्या वेळानं कशावर तरी हसली. मला कुणी हाक मारली नाही. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घालून मी मिळेल त्या एसटीनं परत आले आणि नलू घरी आल्यावर तिला भोळेपणानं विचारलं, "कशी झाली गं सहल?"

वेणूताईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नलूची मुलगी कॉलेजात आहे. पण त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला कालच्यासारखी आठवते. मी गच्चीवर बांगड्या पदराखाली दडवून लाटायला बसले होते. वेणूताईंनी पीठ माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या,

"तुह्या पोट्टीनं तुले त्या दुकानात पाह्यलं होतं. मले म्हणे, 'मावशी, आईले सांगू नका. तिले वाटू द्या का ती चांगली लपली होती.' आता तूच सांग वं कुसुम, तुमच्या दोघीत कोण कोणाले सांभाळून राहिलं?"