शाईचा माल

राजसी दिघेनं बी.ए.नंतर आंतरराष्ट्रीय राजकारणात एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा बदलापूरला कात्रपमधल्या त्यांच्या सोसायटीत करमणुकीची चांगली सोय झाली. "म्हणजे नगरपालिकेला उभी राहणार का गं?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. सेक्रेटरींनी पार्किंगच्या भांडणात तिला मध्यस्थीलाच बोलावलं. वडिलांना, समीर दिघ्यांना, कुणी छेडलं की ते म्हणायचे, "आमच्या नळाला पाणी कधी येईल ते कळेना, आणि हिला दुसऱ्या देशांच्या भांडणांची काळजी. घरचं झालं थोडं..." पुढचं व्याह्याचं घोडं हसण्यात सोडून द्यायचे. फी मात्र वेळेवर भरायचे, आणि कंपनीत चारचौघांत न विचारता सांगायचे की आमची मुलगी युनिव्हर्सिटीत जगाचं राजकारण शिकते.

समीर अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅच बघायचे. तयार माल ड्रममध्ये भरून घ्यायचा, कागदांवर सही करायची आणि गाडी गेटबाहेर काढायची, यात त्यांचे केस पांढरे झाले होते. तिथं बनणाऱ्या एका रसायनाचं लांबलचक नाव कुणी घेत नसे. बॉलपेनच्या शाईत लागतं म्हणून सगळे त्याला 'शाईचा माल' म्हणायचे. उल्हासनगरचा एक सिंधी शाईवाला तो वर्षानुवर्षं न्यायचा आणि दिवाळीला दिघेसाहेबांकडे पेनांची खोकी पाठवायचा. राजसीनं शाळेपासूनच्या सगळ्या परीक्षा त्याच पेनांनी दिल्या. पेन न अडखळता चाललं की समीर म्हणायचे, "चालणारच. बापाचा माल आहे."

म्हणून तर तिचा घात झाला. वर्गात मॅडम रासायनिक शस्त्रांच्या कराराबद्दल शिकवत होत्या. पडद्यावर काही रसायनांची नावं होती आणि त्यात ते लांबलचक नावही होतं. "हे कशात वापरतात, कुणाला माहीत आहे?" मॅडमनी विचारलं. राजसीचा हात आपोआप वर गेला. "बॉलपेनच्या शाईत, मॅम! आमच्या अंबरनाथला बनतं. माझे बाबाच पाठवतात, एक्स्पोर्टसुद्धा." आयुष्यात पहिल्यांदा तिला वर्गातलं काहीतरी घरातून माहीत होतं. तिचा ऊर भरून आला.

मॅडमनी पुढचं चित्र लावलं. एका गावातल्या इस्पितळाच्या जमिनीवर ओळीनं माणसं निजवली होती. अंगभर फोड, डोळ्यांवर पट्ट्या. "शाईतही वापरतात," मॅडम म्हणाल्या, "आणि यातही."

मागून आकाश ओरडला, "राजसी, तेरे पप्पा तो डॉन निकले!" वर्ग हसला. राजसीही हसली, पण पुन्हा पडद्याकडे तिनं पाहिलं नाही.

तास संपल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "घाबरू नकोस. हे बनवणं गुन्हा नाही. कंपन्या सरकारला कळवतात, तपासायला बाहेरून माणसं येतात. बघायचं एवढंच, की कोण घेतं, किती घेतं आणि कशासाठी म्हणून सांगतं." त्या समजूत घालत होत्या, पण राजसी त्यांचा एकेक शब्द बाबांच्या मालाशी ताडून बघत होती. कारण त्याच आठवड्यात बाबा जेवताना म्हणाले होते की नवीन पार्टीचा शाईचा माल परदेशी चालला आहे, आणि शुक्रवारी गाडी भरायला जावं लागणार. तेव्हा आई कुरकुरली होती, "एक सुट्टीचा दिवस, तोही नाही का?" एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी. शेडला कुलूप, चहाची टपरीसुद्धा बंद. अशा दिवशी गाडी कशाला भरायची, हे त्या वेळी घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी समीर चहा घेऊन गॅलरीत बसले, तेव्हा ती शेजारी जाऊन बसली. "बाबा, ती नवीन पार्टी कुठली?"

त्यांनी देशाचं नाव सांगितलं. ते नाव राजसीला नकाशाशिवायही दिसत होतं. त्याच्या शेजारच्याच देशात युद्ध चाललं होतं आणि वर्गात त्यावर रोज वाद व्हायचे.

"तिथं पेनांचा कारखाना आहे?"

"असेल. मला काय करायचंय?"

"आणि माल किती?"

समीरनी आकडा सांगितला. उल्हासनगरवाला वर्षभरात नेत नसेल एवढा माल एका गाडीत चालला होता.

"बाबा, एवढ्या शाईनं तिथं लिहिणार कोण?"

समीरनी कप खाली ठेवला. "आपलं काम ड्रम भरायचं. बाकीचं वरचे बघतील." मग एकदम तिच्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाले, "तुला हे कुणी शिकवलं? कुणापाशी बोललीस?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण ती म्हणाली, "वर्गात बोलले. सगळ्यांसमोर. मला ठाऊक नव्हतं, बाबा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसतेच म्हणाले, "सही माझी असते गं." स्वयंपाकघरातून श्रद्धा, राजसीची आई, हात पुसत आली आणि दोघांची तोंडं बघून दारातच उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

त्यानंतर घरात भीतीनं बिऱ्हाड केलं. अनोळखी नंबर वाजला की राजसी फोन उलटा ठेवायची. सोसायटीच्या गेटपाशी पोलिसांची गाडी दिसली तेव्हा ती जिन्यातच बसली. पोलीस आले होते त्याच पार्किंगच्या भांडणापायी. मॅडमचा फोन आला, तो तिनं उचलला नाही. बोललं तर बाबा तुरुंगात जातील. नाही बोललं तर तिकडे, जिथं तिचं कुणी नाही, तिथं माणसं ओळीनं निजवली जातील. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. तिला दोन्ही नुसती दिसत नव्हती, दोन्हींचं पाणी ऐकू येत होतं. बातम्यांत त्या युद्धातल्या देशातलं एखादं मूल दिसलं की ती चॅनल बदलायची, आणि बदलल्याची तिला लाज वाटायची. अज्ञानात सुख म्हणतात ते काही खोटं नाही. कॉमर्सला गेले असते तर आज पोटभर जेवले असते, असं तिच्या मनात कितीदा आलं. तिनं नोट्स काढणंही सोडलं, कारण घरात त्याच पेनांची खोकी होती.

समीरही जेवेनासे झाले. भात चिवडून उठायचे.

गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या शेठचा फोन आला. समीरनी तो स्पीकरवर घेतला. का घेतला कोण जाणे. "दिघे साहब, कल सुबह जल्दी आना. वॉचमन के सिवा कोई नहीं रहेगा. और लेबल का बंडल ऑफिस में रखा है, वो लगवा देना."

"कसलं लेबल?" फोन बंद झाल्यावर राजसीनं विचारलं.

"साबणाच्या मालाचं. शाईच्या ड्रमवर."

श्रद्धानं जाऊन दार लावून घेतलं. राजसीनं सगळं बळ गोळा केलं. "बाबा, उद्या जाऊ नका. ही गाडी काढू नका."

समीर हाताची नखं बघत होते. "ही तिसरी आहे," ते म्हणाले.

राजसीला आधी कळलंच नाही. मग कळलं, दोन गाड्या आधीच गेल्या होत्या.

"पहिल्या वेळी मला खरंच वाटलं, नवीन पार्टी असेल. दुसऱ्या वेळी लेबलं बघून कळलं, काहीतरी वाकडं आहे. कशाला लागतं ते नव्हतं माहीत, तुझी शपथ. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं." त्यांनी नखांवरून नजर वर केली. "तू वर्गात बोललीस हे कळलं तेव्हा मी तुझ्यावर चिडलो नव्हतो, राजू. मला वाटलं, सापडलो."

तिला त्यांचा राग आला. खूप आला. ज्या बापाच्या मालाचा अभिमान धरून तिनं हात वर केला होता, तो बाप असा निघाला. आणि त्याच वेळी त्यांना कुशीत घेऊन कुठंतरी लपवून ठेवावं असंही वाटलं.

शुक्रवारी सकाळी श्रद्धानं सवयीनं डबा भरला. समीर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि राजसीला म्हणाले, "तुझ्या मॅडमना फोन लाव."

मॅडमनी फोन पहिल्याच रिंगला उचलला. त्यांनी मुंबईतल्या एका सरकारी ऑफिसचा पत्ता दिला आणि म्हणाल्या, "मी तिथं येते. दोघंही या." घरातून निघताना श्रद्धानं नवऱ्याच्या हातात डबा दिला. "परत कधी येणार?" तिनं विचारलं. समीरनी डबा पिशवीत ठेवला आणि चपला घातल्या.

स्टेशनच्या रिक्षात बसल्यापासून समीरच्या खिशातला फोन थरथरत होता. शेठ. थांबला की पुन्हा. अंबरनाथकडे जाणारा रस्ता मागे पडला, तशी समीरनी राजसीची ओढणी मुठीत धरली. लहानपणी गर्दीत ती त्यांचा शर्ट धरायची.

"तिथं तूच बोल हां," ते म्हणाले. "तुला त्यातलं कळतं. माझी जीभ वळायची नाही. मला फार भीती वाटते."

"मलापण," राजसी म्हणाली.

त्या ऑफिसात मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. राजसी बोलत होती. करार, रसायनाचं ते लांबलचक नाव, पार्टी, आधीच गेलेल्या दोन गाड्या, आज गेटमध्ये उभी असलेली तिसरी. अधिकाऱ्यानं मध्येच फोन उचलून ती तिसरी गाडी अडवायला सांगितलं. मग ते पुन्हा तिच्याकडे वळले.

"आणि आधीच्या दोन गाड्यांच्या कागदांवर सही कुणाची आहे?"

समीरनी राजसीकडे पाहिलं. या शिक्षणाचं तू करणार काय, असं सगळ्या सोसायटीनं तिला विचारून झालं होतं. ओढणी पुन्हा त्यांच्या मुठीत होती.

"माझ्या बाबांची," राजसी म्हणाली.