उसवलेलं टोपडं

कुणी माझं काम विचारलं की मी सांगते, सापाच्या विषातल्या विकरांची रचना बघते. बहुतेक जण तिथेच विषय बदलतात. विकर म्हणजे प्रथिनाचा लांब धागा, स्वतःभोवती गुंडाळलेला आणि गाठींनी बांधलेला. त्याला एक खळगा असतो आणि सगळी करामत त्या खळग्यात चालते. घोणशीच्या विषातला असाच एक विकर मी रोज संगणकावर गोल गोल फिरवून बघत असे. मला सातवा महिना होता तेव्हा आष्टीजवळच्या आमच्या शेतात कापूस वेचताना आईला घोणसच चावली. तिच्या पोटरीचं मांस त्या माझ्या ओळखीच्या विकरानेही खाल्लं असणार. पुढे कितीतरी दिवस मला ते चित्र उघडवेना.

आई वाचली. पण लेकीला घेऊन मी माहेरी गेले, तर ती बाळाला हात लावेना. विष अंगात कायम राहतं आणि कोवळ्या जिवाला बाधतं, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. मग बाबा बिचारे बाळाला तेल लावायचे आणि आई दारातून हुकूम सोडायची, मान धरा, पाय ओढू नका. डॉक्टरांनी समजावलं होतं, मीही समजावलं, चिडलेसुद्धा. ती सगळं ऐकून घ्यायची आणि दारातच उभी राहायची. मला फार वाईट वाटायचं. नातीकडे बघताना तिचे हात नुसते पदराशी चाळा करत असायचे.

एका दुपारी टोपलीत तिने विणायला घेतलेलं टोपडं दिसलं. माझ्या बाळासाठीच सुरू केलेलं, साप चावल्यापासून अर्धवट पडलेलं. मी ते तिच्यापुढे धरलं. म्हटलं, विकर असाच असतो बघ, एकाच धाग्याचा. हा आतला खोलगट भाग आहे ना, त्याच्या जोरावर तो मांस तोडतो. मग मी सुटं टोक धरून ओढलं आणि ओढतच राहिले. आईचा जीव वरखाली झाला, पण तिने अडवलं नाही. शेवटी तिच्या मांडीवर लोकरीचा नुसता गुंता उरला.

"आता घाल बरं हे बाळाच्या डोक्यावर," मी म्हटलं. औषधाने विकराला जखडलं आणि तुझ्या शरीराने त्याला असंच उसवून टाकलं, हेही सांगितलं.

ती गुंता चिवडत बसली. "मंग त्या धाग्याचं काय झालं?"

"वरणातल्या डाळीचं होतं तेच. तुकडे झाले आणि तुझ्या अंगी लागले."

तिने जरा विचार केला. "म्हंजे आधी विषानं मले खाल्लं, अन् मंग म्या विषाले खाल्लं."

मी मान हलवली.

आई उठली, लंगडत मोरीवर गेली. साबणाने हात धुतले, पुन्हा एकदा धुतले. मग पदराला पुसत आली आणि पाय पसरून बसली.

"आण तिले इकडं," ती म्हणाली. "तुह्या बापाले तेल लावताच येत नाई."