शामलाआत्यांचं लोकरी झबलं

तुळजापुरात शामलाआत्यांच्या सोवळ्याचा दरारा निजामाच्या तहसीलदाराहून मोठा. तहसीलदार निदान अर्ज तरी घ्यायचा. आत्यांपुढं अर्जाची सोयच नव्हती, एकच हुकूम, "शिवू नकोस." बाराव्या वर्षी विधवा होऊन भावाकडं आलेल्या या बाईनं पन्नास वर्षं तेवढ्या हुकमावर घर चालवलं. भाच्याची बायको चारुशीला सासरी पहिला धडा शिकली तो हाच: सुती कपड्यातलं माणूस ओवळं, लोकर तेवढी सोवळी.

मग चारुशीलाला मुलगी झाली आणि आत्यांची पंचाईत झाली. पोरगी रांगत रांगत नेमकी त्यांच्याकडंच जायची. आत्या पाटासकट मागं सरकायच्या, अन् पाठीला भिंत लागली की "उचला गं हिला" म्हणून ओरडायच्या. उचलून नेलं की त्यांची नजर मात्र पोरीपाठोपाठ दारापर्यंत जायची. म्हातारीला लेकरू मांडीवर घ्यायचंय, हे चारुशीलाला कधीच कळलं होतं. पण बोलणार कोण?

एके दिवशी आत्यांनी ट्रंकेतून लोकरीची लड काढली. हैदराबादेहून आलेली, निळीशार, चौदा वर्षं कडुनिंबाच्या पाल्यात जपलेली. महायुद्धापायी बाजारात लोकर औषधालाही मिळत नव्हती.

"पोर सर्दाळू आहे," आत्यांनी जाहीर केलं. "झबलं विणते."

पोरीला जन्मापासून साधी शिंक आली नव्हती. लोकरीतलं लेकरू सोवळ्यात घेता येतं, हे ओळखून चारुशीला नुसतं "बरं" म्हणाली.

आत्यांचे डोळे अधू. दिवसाला चार ओळी विणायच्या, तीन उसवायच्या. हिवाळा सरला, शिमगा झाला, आणि झबलं पुरं झालं ते ऐन वैशाखात. भर दुपारी पोरीचा सुती अंगरखा काढून तिला लोकरीत कोंबलं. आत्या मांडी घालून तयारच होत्या. पोरगी लालबुंद होऊन अशी किंचाळली, की शेजारच्या गिरिजाबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.

आत्यांचा चेहरा पार उतरला. "ने बाई," त्या म्हणाल्या.

चारुशीलानं नेलं नाही. झबलं ओढून काढलं आणि पोर तशीच नागडी त्यांच्या मांडीवर ठेवली. "उघडं लेकरू कधी ओवळं नसतं, आत्याबाई. तुम्हाला का मी सांगायचं?"

पोरगी गप्प झाली. आत्या कितीतरी वेळ तिच्या घामेजल्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"ठाऊक होतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण जन्मभर माणसं लांब ठेवली. आता 'दे' कुठल्या तोंडानं म्हणू?"